खासदारांच्या टेबलावर आपला कागद कोण वाचतं?

आज जरा लांबचा वाटणारा विषय घेतलाय, दिल्लीचा. पण सुरुवात आपल्याच गावातून करू.

निवेदन आपण सगळ्यांनीच कधी ना कधी दिलंय. खासदार येणार म्हटलं की आदल्या दिवशी धावपळ. तालुक्याला जाऊन अर्ज टाईप करायचा, सह्या-अंगठे गोळा करायचे, हार-नारळ आणायचा. ते आले की गटाच्या अध्यक्षांनी कागद पुढे करायचा. फोटो निघतो. कागद पीएच्या हातातल्या फायलीत जातो आणि गाडी पुढच्या गावाला. मागच्या बैठकीत आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "आपण कागद देतो, ते फोटो देतात." सगळ्या हसलो. पण मग तिथेच प्रश्न निघाला, की त्या फायलीचं पुढे होतं काय? ती उघडून वाचणारं कुणी असतं का? आज त्याबद्दल बोलू.

आधी खासदारांचं काम समजून घेऊ. आपल्याला वाटतं रस्ता, समाजमंदिर, हायमास्टचा दिवा म्हणजे खासदार. ती कामं ते करतात, पण त्यांना दिल्लीला पाठवलेलं असतं ते तीन कामांसाठी. कायदे करायला, सरकारला प्रश्न विचारायला आणि सरकारच्या पैशावर नजर ठेवायला. लोकसभेत 543 खासदार. त्यातले 48 आपल्या महाराष्ट्राचे. राज्यसभेत आपल्या वाट्याच्या जागा 19.

लोकसभेत प्रश्नोत्तरांच्या एका दिवशी 20 तारांकित आणि 230 अतारांकित प्रश्न लागतात. तारांकित म्हणजे मंत्र्यांनी उभं राहून तोंडी उत्तर द्यायचं, आणि त्यावर खासदार उपप्रश्न विचारू शकतात. अतारांकित म्हणजे लेखी उत्तर. त्याशिवाय विधेयकं असतात. आज बँकेचं, उद्या औषधांचं, परवा खाणींचं. सगळ्यावर मत द्यायचं. एका माणसाला इतकं सगळं ठाऊक असणं शक्य नाही. त्यात मतदारसंघ केवढा? पंधरा-वीस लाख मतदारांचा. लग्नं, मयती, उद्घाटनं, दवाखान्याच्या चिठ्ठ्या. पीए असतात, पण त्यांचा दिवस फोन आणि दौरे सांभाळण्यात जातो.

अमेरिकेत तिथल्या प्रतिनिधिगृहाच्या एका सदस्याला 18 कायम कर्मचारी ठेवता येतात, आणि त्यातले काही फक्त कायद्याचा अभ्यास करतात. आपल्याकडे खासदारांना मदतनीस ठेवायला भत्ता मिळतो, पण अभ्यास करणारं माणूस सोबत मिळत नाही. म्हणजे कायद्यावर हात वर करणारे आहेत, पण त्यांच्यासाठी बसून वाचणारं कुणी नाही, अशी गत.

ही उणीव ओळखून दिल्लीत 2010 साली एक अभ्यासवृत्ती सुरू झाली. तिचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, लेजिस्लेटिव्ह असिस्टंट्स टू मेंबर्स ऑफ पार्लमेंट. त्यातली पहिली अक्षरं जोडून सगळे तिला लॅम्प म्हणतात. लॅम्प म्हणजे दिवा, त्यामुळे नाव लक्षात ठेवायला सोपं. ती चालवते पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च नावाची संस्था. ही संस्था 2005 पासून संसदेतल्या विधेयकांचा अभ्यास करते आणि तो सगळ्या पक्षांच्या खासदारांना देते.

लॅम्पमध्ये काय होतं? देशभरातून पदवी घेतलेली तरुण मुलं-मुली निवडली जातात. कुणी अर्थशास्त्र शिकलेलं, कुणी समाजशास्त्र, राज्यशास्त्र, कुणी कायदा, कुणी इंजिनिअरिंगसुद्धा. एकेकाला एकेका खासदाराबरोबर जोडून दिलं जातं. पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पी अधिवेशन संपेपर्यंत, म्हणजे जवळजवळ वर्षभर, तो किंवा ती त्या खासदारांसाठी पूर्णवेळ काम करते. मानधन मिळतं. खासदार वेगवेगळ्या पक्षांचे असतात.

तिचं रोजचं काम म्हणजे वाचणं आणि लिहिणं. विधेयक आलं की त्यात काय बदलतंय ते दोन पानांत मांडायचं. प्रश्न तयार करायचे. भाषणाचे मुद्दे काढायचे. शून्य प्रहरात मांडायचा विषय थोडक्यात लिहायचा. खासदार एखाद्या स्थायी समितीवर असतील तर तिथल्या बैठकीची तयारी करून द्यायची. ती सभागृहात बोलत नाही. बोलतात खासदारच. पण ते बोलायला उभे राहतात तेव्हा हातातला कागद पुष्कळदा तिनं लिहिलेला असतो.

ही रीत मुळात आपल्याकडची नाही. अमेरिकेत राज्यशास्त्राच्या अभ्यासकांच्या संघटनेनं 1953 पासून असे फेलो तिथल्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये पाठवायला सुरुवात केली. पुढे 1978 पासून लहान मुलांच्या वाढीचा अभ्यास करणारे संशोधकही तिथे जाऊ लागले. विचार असा, की पाळणाघराचा कायदा होत असेल तर मुलांचा अभ्यास केलेलं कुणीतरी त्या खोलीत असावं.

आता तुम्ही म्हणाल, समाजाचा अभ्यास करणाऱ्यांची तिथे एवढी काय गरज? वकील पुरे की. तर एक आकडा सांगतो. सरकारनं 2019 साली वेळेची पाहणी केली. घरोघरी जाऊन विचारलं, काल दिवसभरात काय काय केलंत? त्यात दिसलं की घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाला सरासरी 299 मिनिटं बिनपगारी घरकामात जातात. घरकामात हात लावणाऱ्या पुरुषाची 97 मिनिटं. 299 मिनिटं म्हणजे जवळजवळ पाच तास. हे आपल्याला माहीत नव्हतं का? पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. पण ‘बायांना फार काम असतं’ हे वाक्य सभागृहात टिकत नाही. मंत्री मान डोलावतात आणि पुढचा विषय घेतात. 299 हा आकडा खोडायचा तर त्यांनाही आकडाच आणावा लागतो. कुणाची मोजणी झाली नाही आणि ती कशी करायची, हे ओळखणं समाजशास्त्र शिकलेल्यांचं काम.

आमच्या बैठकीत हे सांगितलं तर एक ताई उसळून म्हणाल्या, "दिल्लीत बसलेल्या शिकलेल्या पोरीला आमचं काय कळणार? तिनं कधी डोक्यावर हंडा वाहिलाय का?" प्रश्न बरोबर आहे. यातली बरीच मुलं शहरातली, इंग्रजीतून शिकलेली असतात. वर्ष संपलं की निघून जातात. खासदारांनी त्यांचा कागद बाजूला ठेवला तर त्या काही करू शकत नाहीत. सगळ्या खासदारांना असा फेलो मिळतही नाही, देशभरात वर्षाला चाळीस-पन्नासांनाच मिळतो. म्हणून फेलोशिप आली आणि आपले प्रश्न सुटले, असं आम्ही सांगणार नाही. पण त्या ताईंच्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते बीड जिल्ह्यात सापडतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायांचं दुखणं आपल्या भागात कुणाला नवीन नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. फडात ना संडास, ना पाणी. पाळीच्या दिवसांतही मोळी उचलायचीच. पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, म्हणून दवाखान्यात गेलं की डॉक्टर सांगतो, पिशवी काढून टाक. पंचविशीतल्या, तिशीतल्या बायांनी पिशव्या काढल्या. गावागावात बाया हे एकमेकींना सांगत होत्या. कार्यकर्त्या ते लिहून घेत होत्या. मग वर्तमानपत्रांत आलं.

2019 च्या जूनमध्ये हा विषय आपल्या विधान परिषदेत आला. नीलम गोऱ्हे यांनी तो मांडला. तेव्हा आरोग्यमंत्र्यांना सभागृहात उभं राहून सांगावं लागलं, की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत 4,605 बायांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्या. नंतर गोऱ्हे यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यातल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. भागाकार करून बघा, दर सहा बायांमागे एक.

हे काम कुणा फेलोनं केलं असं आम्ही म्हणत नाही. ते आमदारांनी, कार्यकर्त्यांनी, पत्रकारांनी आणि मुख्य म्हणजे तोंड उघडून सांगणाऱ्या बायांनी केलं. पण वाट कशी असते ते यातून दिसतं. आधी बाईनं सांगितलं. मग कुणीतरी लिहून घेतलं, मोजलं. मग सभागृहात प्रश्न आला. मग सरकारला आकडा द्यावा लागला. त्यानंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यात पिशवी काढायची तर जिल्हा शल्यचिकित्सकांची आधी परवानगी घ्यायची, असा नियम आला. उचल आणि खाडा मात्र अजून आहेतच, त्यामुळे दुखण्याचं मूळ गेलेलं नाही. तरी ‘हे असं काही नाहीच’ असं म्हणण्याची सोय उरली नाही.

म्हणून त्या ताईंना आमचं उत्तर असं: दिल्लीतल्या पोरीला आपलं काही कळणार नाही हे खरं. तिला तेवढंच कळेल, जेवढं आपण लिहून पाठवू. सभागृहापर्यंत जाणाऱ्या वाटेचा शेवटचा टप्पा तिचा, पहिला आपला. पहिलाच नसेल तर शेवटच्या टप्प्यावर कितीही हुशार माणूस बसवा, तो न्यायला काही नसतं.

मग पहिला टप्पा कसा करायचा? एक उदाहरण घेऊ. आपल्या गटांचं नेहमीचं गाऱ्हाणं काय, तर बँक कर्ज देत नाही, हेलपाटे घालायला लावते. निवेदनात आपण लिहितो, ‘बँकेने महिलांना सहकार्य करावे ही नम्र विनंती.’ याचं कुणी काय करणार? त्याऐवजी ग्रामसंघातल्या सगळ्या गटांची माहिती एका कागदावर आणा. किती गटांनी कर्जाची फाईल दिली? कोणत्या तारखेला? बँकेत किती वेळा जावं लागलं? मंजुरी कधी आली? किती जणींना नाही म्हटलं, आणि कारण लेखी दिलं की तोंडी? असा कागद खासदारांच्या ऑफिसात वाचणाऱ्याच्या हाती पडला, की त्याचा प्रश्न तयार होतो: गेल्या तीन वर्षांत या जिल्ह्यात बचत गटांचे किती कर्ज अर्ज आले, किती मंजूर झाले, किती नाकारले, आणि मंजुरीला सरासरी किती दिवस लागले? याला मंत्र्यांना उत्तर द्यावं लागतं. ते उत्तर सरकारी नोंदीत राहतं आणि तो कागद घेऊन तुम्ही त्याच बँकेत परत जाऊ शकता.

आम्ही आमच्यासाठी पाच गोष्टी ठरवल्यात. पटल्या तर तुम्हीही घ्या.

पहिली गोष्ट, वही. बचतीची वही आपण चोख ठेवतो. तशीच एक वही गावच्या अडचणीची. टँकर कोणत्या दिवशी आला, रेशन किती तारखेला मिळालं, दवाखान्यात डॉक्टर किती दिवस नव्हते. तारीख आणि आकडा. महिन्याच्या बैठकीत ती वाचायची. बायांच्या आजारपणाचं लिहिताना नावं लिहायची नाहीत, नुसती संख्या. कुणाचं दुखणं गावभर होऊ द्यायचं नाही.

दुसरी, विषय कुणाचा ते ओळखायचं. रेल्वे, पोस्ट, राष्ट्रीयीकृत बँक हे दिल्लीचं, तिथे खासदार. सरकारी दवाखाना, पाणी, एसटी हे राज्याचं, तिथे आमदार. आपल्या विधानसभेत 288 आमदार आणि विधान परिषदेत 78. त्यांच्याकडेही तारांकित प्रश्न आहे, लक्षवेधी सूचना आहे. एसटीचं निवेदन खासदारांना देऊन वर्ष घालवू नका.

तिसरी, एका कागदावर एकच विषय. सतरा मागण्या एका पानावर लिहिल्या की एकही वाचली जात नाही. आणि शेवटी नुसती विनंती नको, प्रश्न लिहा: ‘हे सभागृहात विचारावे.’

चौथी, वेळ. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते. म्हणजे अधिवेशन सुरू झाल्यावर कागद दिला तर उशीर झालेला असतो. साधारण महिनाभर आधी पोचवा. अर्थसंकल्पी, पावसाळी आणि हिवाळी ही तीन अधिवेशनं. एखाद्या विधेयकावर संसदेची समिती लोकांची मतं मागवते, त्याची जाहिरात पेपरात येते आणि मुदत थोडी असते. गावात पेपर वाचणाऱ्या मुलींना तेवढं लक्ष ठेवायला सांगा. असं मत कुणीही पाठवू शकतं, त्याला पद लागत नाही.

पाचवी, पाठपुरावा. खासदारांच्या ऑफिसात फोन करून विचारायचं, ‘आमचा प्रश्न लावलात का? इथे संसदेचं काम बघणारं कोण आहे?’ फेलो असेल तर तो किंवा ती फोनवर येईल. नसेल तर पीएला तरी कळेल की या बाया विसरणाऱ्या नाहीत. आणि प्रश्न विचारला गेला तर त्याचं उत्तर लोकसभेच्या संकेतस्थळावर असतं. कॉलेजला जाणारी कुणीही मुलगी ते फोनवर काढून देईल. छापून फायलीला लावा.

जाता जाता आपल्या मुलींबद्दल. बारावी झाली की आपण म्हणतो, आर्ट्स घेऊन काय करणार? समाजशास्त्र, राज्यशास्त्र म्हणजे कुठे प्रवेश मिळाला नाही म्हणून घ्यायचे विषय, असा समज आहे. आज ऐकलंत त्यावरून सांगा, तो खरा आहे का? लॅम्पला कोणत्याही शाखेची पदवी चालते. वय 25 किंवा त्याहून कमी लागतं. अर्जात इंग्रजीतून विचारपूर्वक लिहावं लागतं आणि मुलाखत असते. दर वर्षीची जाहिरात नीट वाचून अर्ज करायचा. आपल्या राज्यातही एक वाट आहे. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात राज्यशास्त्र आणि लोकप्रशासन शिकणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी संसदीय अभ्यासवर्ग होतो. राष्ट्रकुल संसदीय मंडळाची महाराष्ट्र शाखा तो घेते. सभागृह कसं चालतं ते मुलांना तिथे समोर बघायला मिळतं. तुमच्या गावातली एखादी मुलगी एम.ए. करत असेल तर तिच्या कॉलेजात चौकशी करायला सांगा.

ऊसतोडीच्या टोळीत वाढलेली, फडावरून शाळेत गेलेली एखादी मुलगी उद्या खासदारांच्या ऑफिसात बसली, तर तिला पिशवीचा अर्थ विचारावा लागणार नाही. खाडा म्हणजे काय हे पुस्तकात शोधावं लागणार नाही. हंडा वाहिलाय का म्हणून विचारणाऱ्या आमच्या ताईंनाही मग तक्रार राहणार नाही. हे ऐकून त्या ताई बैठकीत काय म्हणाल्या ठाऊक आहे? "मग माझ्या नातीचं नाव लिहा." नात आठवीत आहे. तरी आम्ही नाव लिहिलंय.

तोवर वही आपल्या हातात आहे. या महिन्याच्या बैठकीत हप्ता आणि बचत झाली की दहा मिनिटं काढा. गावातली एकच अडचण निवडा आणि पुढचे तीन महिने ती मोजा. काय सापडलं ते आम्हाला कळवा. तुमचे आकडे आम्ही याच रेडिओवरून वाचून दाखवू.

येतो मैत्रिणींनो. नमस्कार.